पुन्हा या

१२ जानेवारी

रोज चार ओळी लिहायच्या, असं हॉस्पिटलातून सांगितलंय. त्याने डोकं जागेवर राहतं म्हणे. काय लिहू विचारलं तर म्हणाले, "खरं लिहा आणि कोणाला दाखवू नका."

पहिलं खरं हे की माझं लिव्हर कामातून गेलंय. उभ्या जन्मात दारूचा थेंब नाही. साखर, चरबी आणि बैठी नोकरी, असं निदान आहे. शेजाऱ्यांना ते पटत नाही. खालच्या मजल्यावरचे बँकवाले जिन्यात भेटले की माझ्याकडे नव्याच आदराने बघतात. गडी इतकी वर्षं पीत होता आणि वाससुद्धा येऊ दिला नाही, असं त्यांच्या डोळ्यांत दिसतं. एवढी बदनामी नशिबात होती तर थोडी प्यायलो तरी असतो.

दुसरं खरं म्हणजे मी परीक्षा घेणारा माणूस आहे, देणारा नाही. गाडीच्या लायसन्सची परीक्षा घ्यायचो. उमेदवाराच्या शेजारी बसायचं, त्याला आठचा आकडा काढायला लावायचा, चढावर थांबवायचं, आणि गाडी मागे घसरली की उतरून जायचं. नापास हा शब्द मी कधी वापरला नाही. उमेदवाराच्या बाजूचं दार उघडून एवढंच म्हणायचो, "पुन्हा या." ऑफिसात माझं नावच 'पुन्हा या' पडलं होतं. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषण संपवताना माझ्याकडे बघून "पुन्हा या" म्हटलं आणि सगळे हसले. मी काही परत गेलो नाही.

१६ जानेवारी

आज मोठ्या डॉक्टरांनी सगळं समजावलं. मोठे म्हणजे हुद्द्याने. वयाने ते माझ्या स्कूटरपेक्षा लहान आहेत.

लिव्हर म्हणजे रक्ताची गाळणी. ती फाटली की रक्तातली घाण डोक्यात चढते. मग माणूस विसरतो, दिवसा झोपतो, भलतंच बोलतो. लिव्हर बदललं की डोकं बरंचसं ताळ्यावर येतं. पण माझं वय एकोणसत्तर. या वयात डोकं आपलं आपण, लिव्हरला न विचारताही बिघडतं. तसं असेल तर नवं लिव्हर बसवून फायदा नाही, उलट एवढ्या मोठ्या ऑपरेशनने उरलंसुरलं जायचं.

"लिव्हर आम्ही बदलू शकतो, डोकं नाही," डॉक्टर म्हणाले. "तेव्हा आधी गडबड कोण करतंय ते शोधू."

म्हणजे आवाज इंजिनाचा की गिअरबॉक्सचा. हे मला लगेच समजलं.

शोधायची रीत सोपी आहे. आज डोक्याची परीक्षा. मग महिनाभर एक गोड औषध, दिवसातून तीनदा. त्याने पोट साफ होतं आणि डोक्यातली घाण खालच्या दाराने निघून जाते. महिन्याने पुन्हा परीक्षा. डोकं सुधारलं तर दोष लिव्हरचा, ऑपरेशन होणार. नाही सुधारलं तर दोष वयाचा, मुकाट घरी बसा.

लिव्हरचा तुकडा देणार माझी लेक. सगळं जुळतंय तिचं. मी तिला लहानपणापासून हँडब्रेक म्हणतो, कारण मी गाडी सुरू केली रे केली की ही मागच्या सीटवरून हात घालून तो ओढायची. आता एक्केचाळीसची झाली, दोन पोरांची आई झाली, तरी सवय गेली नाही. मी म्हटलं, मला कोणाचा तुकडा नको. तिने लगेच ओढला.

"बाबा, मला काळजाचा तुकडा कोण म्हणायचं?"

"तो वेगळा."

"वेगळा कसा? खाटकाकडे काळीज मागितलं तर तो काय देतो?"

लिव्हरच देतो. डॉक्टरांनी मान डोलावली. डॉक्टर आणि खाटीक एका बाजूला झाल्यावर मी काय बोलणार. जावई शेजारी बसला होता. तो नुसती तिची पर्स मांडीवर धरून होता.

मी वरकरणी हो म्हटलंय. मनात वेगळं आहे ते इथे लिहितो. माझा थोरला भाऊ शेवटची काही वर्षं साबणाच्या वडीला बिस्कीट समजायचा, आणि वहिनींना विचारायचा, "बाई, तुमची बस किती वाजता आहे?" माझंही तेच होणार असेल तर पोरीचं पोट मी फाडू देणार नाही. लिव्हर घेऊन तिलाच बस विचारायची, हा व्यवहार मला मान्य नाही. परीक्षेत ठरेल ते खरं.

परीक्षा घ्यायला तिशीच्या एक बाई होत्या. चष्मा, आखूड केस, हसण्याचं नाव नाही. बघताक्षणी आदर वाटला. म्हणाल्या, "एका मिनिटात आठवतील तेवढे प्राणी सांगा." आयुष्यभर प्राण्यांच्यातच नोकरी केली, पण ऐन वेळी सहा आठवले, आणि त्यात गाय दोनदा आली. मग म्हणाल्या, "गाडी थांबवताय तसे दोन्ही हात पुढे धरा." हात वाळत घातलेल्या कपड्यांसारखे फडफडायला लागले. ट्रॅफिक पोलिसाने असे हात धरले तर चौकात हाहाकार होईल.

निघताना त्या दारापर्यंत आल्या आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज कसे आलात?" मी ओळखलं. मीही ऐन चौकात उमेदवाराला सहज विचारायचो, मुलं किती, आणि त्याचं लक्ष सिग्नलवरून उडतं का बघायचो. खरी परीक्षा तीच असते. म्हणून विचार करून उत्तर दिलं, "आमच्या गाडीने." बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "अहो, गाडी विकून चार वर्षं झाली. आपण बसने आलो."

२३ जानेवारी

औषध पाकासारखं गोड आहे. दुसऱ्या दिवसापासूनच किळस यायला लागली. पण काम चोख करतं. इतकं चोख, की आज न्हाव्याच्या खुर्चीत गळ्यापर्यंत कापड गुंडाळलेलं, अर्धी दाढी झालेली, वस्तरा कानाखाली, आणि पोटाने इंडिकेटर न देता वळण घेतलं.

पुढचं लिहीत नाही. न्हावी चांगला माणूस आहे. त्याने रेडिओ मोठा केला आणि खुर्ची भिंतीकडे फिरवली.

घरी अर्ध्या दाढीने आलो. बायको म्हणाली, "म्हणजे औषध लागू पडतंय." तिला काय जातंय म्हणायला. ती घरात बसून शिवणकाम करते, तिच्या गिऱ्हाइकांसमोर तिची इज्जत शाबूत आहे.

२४ जानेवारी

औषधाला एक दिवस सुट्टी दिली. बायको समोर उभी राहून पाजते, म्हणून तोंडात धरतो आणि खिडकीशी जाऊन तिच्या कोरफडीच्या कुंडीत सोडतो. कोरफड पोटाला चांगली असं सगळे म्हणतात. कोरफडीच्या पोटाला काय चांगलं, हे आजवर कोणी विचारलेलं नाही.

३० जानेवारी

सुट्टी वाढवली. बरं वाटतं. दिवसभर कुठे पळावं लागत नाही. जेवण झालं की डोळा लागतो तो दिवेलागणीलाच उघडतो. माणसाला या वयात आणखी काय हवं.

५ फेब्रुवारी

खिडकीत मुंग्या आल्यात. काय शिस्त आहे. एका ओळीत, अंतर राखून, समोरून येणारीला बाजू देऊन. ओव्हरटेक नाही, हॉर्न नाही. पस्तीस वर्षांत असा एक उमेदवार माझ्यासमोर आला नाही. बराच वेळ बघत बसलो, चहा गार झाला. बायकोने विचारलं, "काय बघताय?" मी म्हटलं, "वाहतूक."

तिची शिवणाची मोठी कात्री हरवली. घर डोक्यावर घेतलं तिने. शेवटी फ्रीजमध्ये सापडली, दह्याच्या मागे.  हल्ली तिचं कशात लक्ष नसतं. वय झालं.

९ फेब्रुवारी

परीक्षा जवळ आली. आज जेवताना मी चमच्याला काहीतरी वेगळंच म्हटलं म्हणे. काय म्हटलं ते ती सांगत नाही. मग रडवेली होऊन म्हणाली, "तुम्हाला चार प्राणी आठवले नाहीत म्हणून ऑपरेशन नाही म्हणतील का हो?"

मी ठरवलं होतं की परीक्षेत ठरेल ते खरं. पण तिचा चेहरा बघून म्हटलं, "चल, पाठ करून घे माझ्याकडून."

ती शिवणयंत्रावर बसते आणि यंत्राच्या ठेक्यात म्हणते, मी मागून म्हणतो. अस्वल, उंट, उंदीर. कासव, कुत्रा, कोल्हा. खार, गाढव, गेंडा. अ पासून ह पर्यंत सगळे. यंत्र थांबलं की माझेही प्राणी थांबतात, म्हणून ती पाय हलवत राहते. आज एका उशीच्या अभ्र्याला चारही बाजूंनी शिवण बसली. उशी आत जायला जागाच नाही.

पाठ करणं म्हणजे कॉपी नव्हे. तोंडी परीक्षेत तर नव्हेच. मी परीक्षक होतो, मला माहीत आहे.

१६ फेब्रुवारी

फत्ते. अस्वलापासून हत्तीपर्यंत सुसाट गेलो, मध्ये एक सिग्नल लागला नाही. ठेक्यासाठी टेबलाखाली पाय हलवत होतो. परीक्षक बाई लिहिता लिहिता थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "छान. आता भाज्या सांगा."

भाज्याही तेवढ्याच सांगितल्या. अस्वल, उंट, उंदीर, कासव, सगळ्या. बाहेर येऊन बायकोला म्हटलं, दोन्ही पेपर सारखे गेले.

शेवटी त्यांनी विचारलं, "औषध तीनदा घेताय ना?" मी म्हटलं, "तीनदा." तोंडात तर तीनदाच घेतो. बाईंनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. एवढं लिहिण्यासारखं यश असेल असं वाटलं नव्हतं.

२० फेब्रुवारी

डॉक्टरांची बैठक झाली. मोठे डॉक्टर फार हळू बोलत होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं नाही. ऐकू आलं ते असं. औषध पुरतं घेऊनही डोकं सुधारलं नाही, उलट घसरलं. म्हणजे दोष बहुतेक लिव्हरचा नाही, वयाचा आहे. अशा डोक्यावर एवढं ऑपरेशन आणि त्यासाठी एका धडधाकट मुलीचं पोट उघडणं त्यांना बरोबर वाटत नाही. आणखी एक महिना बघू. त्यापुढे थांबायला माझ्या लिव्हरकडेही वेळ नाही.

"औषध चालू ठेवा आणि महिन्याने पुन्हा या," ते म्हणाले.

मला म्हणाले. पुन्हा या.

मी विचारलं, "चढावर मागे गेली का?" डॉक्टर म्हणाले, "काय?" मी म्हटलं, "काही नाही." बायको पर्सची चेन उघडत होती आणि लावत होती.

३० फेब्रुवारी

आज एक उमेदवार थेट घरी आली. हे नियमात बसत नाही, पण जिने चढून दमली होती, म्हणून बसू दिलं. चाळिशीच्या बाई. हातात संत्र्यांची पिशवी. मी सांगितलं, इथे असलं काही चालत नाही. तरी टेबलावर ठेवलीच, वर एक सोलायलाही घेतलं.

नाव विचारलं तर रडायला लागल्या.

मी समजावलं. म्हटलं, "बाई, डोळ्यांत पाणी असलं की आरसा दिसत नाही. आरसा दिसला नाही की मागून येणारा दिसत नाही. रडणाऱ्याला लायसन्स देता येत नाही."

"मी घ्यायला नाही आले," त्या म्हणाल्या. "द्यायला आलेय."

लाचेबद्दल पुन्हा एकदा स्पष्ट सांगावं लागलं. मग उठून दार उघडलं आणि म्हटलं, "पुन्हा या."

गेल्या नाहीत. स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. बायकोने त्यांना चहा दिला आणि केसांवरून हात फिरवला. ही कोणालाही जवळ करते. तशी उमेदवार बरी वाटली. संत्रं सोलताना हात स्थिर होते, सालाचा एकच लांब पट्टा निघाला. पण नियम म्हणजे नियम.

१४ मार्च

मधली पानं कोरी आहेत. त्या दिवसांतलं मला काही आठवत नाही, बायकोने सांगितलं ते लिहितो.

वर शेवटचं लिहिलंय त्या दिवशी हँडब्रेक तोंड धुऊन खिडकीशी येऊन उभी राहिली. कशालाही हात घातल्याशिवाय तिला राहवत नाही. मुंग्यांची रांग जाते कुठे म्हणून बघितलं, तर कुंडीत. कोरफड मुळापासून कुजली होती. तिने माती बोटावर घेतली, हुंगली आणि जिभेला लावली.

"आई, ही कुंडी गोड आहे."

बायकोला समजायला क्षणभर लागला. मग ती "अहो" म्हणाली. नुसतं "अहो", पण खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. बँकवाले धावत वर आले. त्यांना वाटलं, शेवटी बाटली सापडली. सापडली ती औषधाची, हे कळल्यावर बिचाऱ्यांचा चेहरा पडला.

तेव्हापासून मायलेकी पाळीपाळीने घोड्याला पाजावं तसं पाजतात. आ करायचा, जीभ वर करून दाखवायची, मगच उठायचं. पोट पहिल्यासारखंच चोख काम करतंय. मी जवळजवळ संडासातच राहायला गेलोय, जेवायला तेवढा बाहेर येतो. आणि चार-पाच दिवसांपूर्वी सकाळी जाग आली तर वाटलं, कोणीतरी समोरची काच पुसली. खिडकी दिसली, खिडकीत कुंडी नाही हे दिसलं, आणि बायको किती वाळलीय ते दिसलं.

आज मागचं वाचून काढलं. फेब्रुवारीला मी तीस दिवस दिलेत. भाज्यांत गेंडा आहे. कात्री फ्रीजमध्ये बायकोने ठेवली नव्हती. इथपर्यंत हसलो.

मग उमेदवाराचं पान आलं.

संत्री मला आवडतात म्हणून आणली होती तिने. सालाचा एकच पट्टा काढायला मीच तिला शिकवलं होतं, ती शाळेत जायच्याही आधी. मी माझ्या पोरीला बाई म्हटलं आणि दार उघडून धरलं. दादा वहिनींना बसची वेळ विचारायचा तेव्हा आम्ही दोघे धाकटे भाऊ बाहेर जाऊन हसायचो. वहिनींच्या मनात काय होत असेल ते आज कळलं, आणि ते सहन झालं नाही. संडासात जाऊन रडलो. तिथे हल्ली माझी हजेरी असतेच, त्यामुळे कोणाला शंका आली नाही.

१९ मार्च

परीक्षा. आधीच सांगून टाकलं की औषध कुंडीत गेलं होतं आणि प्राणी पाठ केलेले होते. परीक्षक बाई म्हणाल्या, "पाठांतराचं कळलं होतं मला. प्राणी बाराखडीच्या क्रमाने कोणाला आठवत नाहीत. कुंडीचं सांगायला हवं होतंत." माझी मान खाली. मग घड्याळ लावलं.

"मुंगी," मी म्हटलं. "मुंगी चालेल का?"

"चालेल. वेळ जातोय."

मग घोडा आला, न्हाव्याकडचं मांजर आलं, बँकवाल्यांचा कुत्रा आला, मी तिघांनाही सरळ घेतलं. क्रम नव्हता, ठेका नव्हता, पाय शांत होते. मागच्यापेक्षा थोडे कमी झाले. त्यांनी तसं म्हटलंही. मी म्हटलं, "मागचे माझे नव्हते." मग भाज्या. कांदा, बटाटा, गाजर, पालक. मध्येच बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "गेंडा नाही का आज?" आणि हसल्या. हसल्यावर त्या अगदीच लहान दिसतात. परीक्षकाने हसू नये ते याचसाठी. हात पुढे धरले, तेही बऱ्यापैकी थांबले. आज चौकात फार तर एक सायकल पडली असती.

दाराशी त्यांनी विचारलं, "आज कसे आलात?"

"बसने. उभं राहून. म्हाताऱ्यांच्या जागेवर एक पोरगा झोपेचं सोंग घेऊन बसला होता."

दोष लिव्हरचा. ऑपरेशन होणार.

मोठ्या डॉक्टरांनी मात्र मिठाई वाटू दिली नाही. या वयात ऑपरेशननंतर काही दिवस डोकं भरकटतं, म्हणाले. बहुतेकांचं जागेवर येतं. काहींचं पूर्वीइतकं येत नाही. तुमचं कुठवर येईल ते आज कोणी लिहून देणार नाही.

घरी आल्यावर हँडब्रेकला खिडकीशी बोलावलं. म्हटलं, "त्या दिवशी मी तुला ओळखलं नव्हतं."

"माहितीय."

"ऑपरेशननंतरही नाही ओळखलं तर? तुकडा तर तुझा गेलेला असेल."

ती खिडकीच्या कठड्यावर कुंडीचा गोल डाग राहिलाय तो नखाने खरवडत होती. म्हणाली, "मग पुन्हा येईन. तुम्हीच सांगितलंय ना, पुन्हा या."

मी आयुष्यात हे दोन शब्द किती लोकांना म्हणालो असेन. त्यांचा अर्थ 'पुन्हा या' असा होतो, हे मला आज समजलं.

२ एप्रिल

उद्या ऑपरेशन. लेकराला पोटचा गोळा म्हणतात. उद्या माझ्या पोटच्या गोळ्याच्या पोटातला गोळा माझ्या पोटात जाणार. वाक्य लिहून झालं आणि बरोबर आलं, म्हणजे आज तरी डोकं जागेवर आहे.

पलीकडच्या खोलीत ती जावयाला पोरांच्या डब्यांबद्दल सूचना देतेय. मला फार भीती वाटते. मरायची थोडी, आणि उठल्यावर तिला बाई म्हणायची जास्त.

तारीख माहीत नाही

छतावर मुंग्या. रांग नाही. सगळ्या ओव्हरटेक करतात. नर्सला म्हटलं अडवा. ती म्हणाली अडवते. अडवलं नाही.

एक कुजलेली कोरफड खुर्चीत बसली आहे. काही बोलत नाही.

११ एप्रिल

आज पेन नीट धरता येतंय. कोरफड म्हणजे बायको होती. हिरवी साडी आणि चार दिवसांची झोप नाही. तिला सांगितलेलं नाही.

सकाळी ती म्हणाली की हँडब्रेक चालायला लागलीय, आज इथे येणार. मग माझी उशी उगाच सारखी करत राहिली. मी काल दिवसभर नर्सला साहेब म्हणत होतो, हे तिने ऐकलं होतं. तिला कसली भीती वाटतेय ते मला समजत होतं. मलाही माझी खात्री नव्हती. दार उघडेल आणि आत कोण येईल, हे दार उघडल्यावरच कळणार होतं.

दार उघडलं. ती एका हाताने पोट धरून, एका हाताने जावयाचा दंड धरून, पहिल्यांदाच क्लच सोडणाऱ्यासारखी इंच इंच आत आली. चेहऱ्यावर मास्क. फक्त डोळे दिसत होते. पलंगाच्या पायथ्याशी आली, कडेचा दांडा घट्ट पकडला आणि उभी राहिली. 

"पुन्हा आले," ती म्हणाली.

डोळे भरलेले होते. मी बघितलं आणि म्हटलं, "बाई, डोळ्यांत पाणी असलं की आरसा दिसत नाही. लायसन्स देता येणार नाही."

मला वाटलं हसतील. जावयाने खाली बघितलं. बायको भिंतीकडे वळली. लेकीचे डोळे माझ्यावर होते, ते तसेच राहिले, नुसते विझले. मग माझ्या लक्षात आलं की मी इंडिकेटर न देता वळलो होतो.

मी हात पुढे केला. थोडा हलत होता.

"हँडब्रेक," मी म्हटलं. "तो दांडा सोड आता. आणि बस इथे. लहानपणापासून सांगतोय, सुरू झालेल्या गाडीत ओढायचा नसतो."

ती हसली आणि टाके ओढले गेले म्हणून कळवळली, आणि कळवळताना आणखी हसली. मलाही हसू आलं आणि मीही कळवळलो. बायकोने माझी चादर आणि लेकीचा गाउन जरा बाजूला करून पट्ट्यांच्या कडेने दिसणारे टाके बघितले. म्हणाली, "बापाचे सरळ घातलेत, लेकीचे जरा ओढलेत. मला बोलवायला हवं होतं." जावई पहिल्यांदाच मोठ्याने हसला. मग त्याने संत्रं काढलं, पण त्याला साल नीट काढता येत नाही. तुकडे तुकडे केले.

हँडब्रेकने डोळे पुसले नाहीत. तशीच बसून राहिली, माझा हलणारा हात दोन्ही हातांत धरून. मी तिला सांगितलं की ती पास आहे. नोकरीत असताना मी रडणारा उमेदवार कधी पास केला नव्हता. परीक्षकाच्या डोळ्यांत पाणी असेल तर काय करायचं, त्याबद्दल नियमात काही नाही.